लोणच्याच्या बरणीवरची चित्रं

डोंगरापलीकडच्या एका नगरात, जिथे सकाळ गुलाबी व्हायची आणि संध्याकाळ केशरी, तिथे हौसा नावाची एक चिमुकली मुलगी राहायची. तिची आई राजवाड्यात भांडी घासायची. घरात जेवणाचीच ओढाताण, मग रंग कुठून आणणार? हौसा हळदीचा पिवळा करायची, पळसफुलांचा केशरी, काजळीचा काळा, आणि आईच्या फाटक्या लुगड्याच्या तुकड्यांवर इवली इवली चित्रं काढायची.

दर वसंतात राजवाड्याच्या चित्रशाळेत चित्रं लागत, बहुतेक बागेतल्या परीची. सोनेरी भिंतीवर मान फक्त चित्रकारांच्या घरातल्या मुलग्यांना. मुली, कुंभारवाड्यातले, जंगलपाड्यावरचे, अशा बाकीच्या सगळ्यांसाठी स्वयंपाकघराजवळ एक अंधारी भिंत होती. तिचं नाव कौतुकाची भिंत. मुख्य चित्रकार गोविंदपंत तिथून एक चक्कर मारत, "छान हो, छान," म्हणत, आणि संध्याकाळी सगळी चित्रं उतरवत. असलं कौतुक काय चाटायचंय, तुम्हीच सांगा.

यंदा चित्रांच्या दिवशीच हौसा आईसाठी कोठारात लोणचं आणायला गेली आणि दारातच थबकली. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर फडक्याचा दादरा बांधतात ना, तसा तो बांधला होता. फक्त ते फडकं म्हणजे तिचं गेल्या वर्षीचं चित्र होतं. शेजारच्या बरणीवर कुंभाराच्या सखूचं, त्यापुढे पाड्यावरच्या बुधीचं. मागे तर ओळीने जुन्या बरण्या, आणि त्यांवर कुणाकुणाची तेलकट झालेली चित्रं दोरीने करकचून बांधलेली. हौसाला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला.

नवं फडकं आणि रंग घेऊन ती बागेतल्या तळ्याकाठी जाऊन बसली. इतक्यात पाण्यावर चंदेरी चमचम उठली. काठाच्या चिखलात एक पिटुकली परी अडकली होती. हौसाने तिला अलगद उचललं आणि तिच्या ओल्या पंखांवर फुंकर घातली. परी जांभळासारखी सावळी होती, नाक बसकं, गालांवर तीळ, एक पंख मोरपिशी आणि दुसरा जरा आखूड.

"पण चित्रांत तर तू गोरी असतेस," हौसा चकित होऊन म्हणाली. "सोनेरी केसांची."

परीने कपाळाला हात लावला. "गोविंदपंत त्यांच्या वडिलांचं चित्र बघून काढतात. वडिलांनी आजोबांचं बघून काढलं. मी इथेच बसलेली असते गं, पण एकानेही कधी वाकून पाहिलं नाही. वैताग आलाय मला."

मग हौसाने तिला नीट पाहिलं आणि जशी होती तशी काढली, तिळांसकट. परी इतकी खूश झाली की तिच्या पंखांतून सोनेरी धूळ झरली. तिने हौसाला एक इच्छा मागायला सांगितली.

"पण नियम ऐक," ती म्हणाली. "स्वतःसाठी मागशील तर सूर्य मावळेपर्यंतच टिकेल. दुसऱ्यांसाठी मागशील तर कायम टिकेल, पण त्यात तुझा वाटा नसेल. नियम मी केलेले नाहीत, तेव्हा माझ्याशी वाद घालू नकोस."

हौसाला आपलं चित्र सोनेरी भिंतीवर पाहायचं होतं. फार फार पाहायचं होतं. ती बराच वेळ हातातल्या फडक्याकडे बघत राहिली.

"संध्याकाळपर्यंतचं कौतुक मला दर वर्षी मिळतंच," ती शेवटी म्हणाली. "बरण्यांवरच्या सगळ्यांची चित्रं सोनेरी भिंतीवर लागू देत."

कोठारातल्या दोऱ्या भराभर सुटल्या. फडकी फुलपाखरांसारखी भिरभिरत निघाली आणि सोनेरी भिंतीवर जाऊन बसली. बरणीवर राहिलं ते एकट्या हौसाचं.

चित्रशाळेत मोहरी-हिंगाचा वास दरवळला. गोविंदपंतांनी नाकाला उपरणं लावलं आणि सगळं खाली काढा म्हणून नोकरांना फर्मावलं. पण म्हातारी राणी एका पिवळ्या पडलेल्या फडक्यापुढे उभी होती. त्यावर एक वेडावाकडा हिरवा पोपट होता.

"हा मी काढला होता," राणी हळूच म्हणाली. "लहान होते तेव्हा. गोविंदपंत, तुमचे वडील मला छान हो, छान म्हणाले होते. त्यानंतर मी कुंचला हातात धरला नाही."

गोविंदपंतांनी उपरणं खाली घेतलं.

दारात हौसा परीचं नवं चित्र पोटाशी धरून उभी होती. तुझं का नाही लागलं, असं राणीने विचारलं, तेव्हा तिने परीचा नियम सांगितला.

"नियम परीचा आहे," राणी म्हणाली, "भिंत माझी आहे." आणि तिने स्वतःच्या हाताने हौसाचं चित्र मधोमध लावलं. कौतुकाची भिंत त्याच दिवशी पाडायला सांगितली.

खिडकीतून परी आत आली. तिने चित्र जवळून न्याहाळलं आणि नाक जरा मोठं झाल्याची कुरकुर केली.

"तेवढंच आहे," हौसा म्हणाली.

परी खुदकन हसली. सगळी चित्रशाळा गुलाबी-सोनेरी उजेडाने भरून गेली, आणि उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती.

राणी मात्र अजून पोपटापुढेच उभी होती. तिने हौसाकडे थोडासा पळसाचा रंग मागितला. चोच रंगवायची तेव्हा राहून गेली होती.