बाकावरचं नाव

शिपाई म्हादू घोलप चौथीही शिकला नव्हता, पण गावची शाळा त्यानं पंचवीस वर्षं जिवापाड राखली होती. यंदा मात्र कुणी बाकं मोडली, कुणी नळ पळवले. शाळा समितीचे अध्यक्ष आबासाहेब इंगवले गरजले, "महिन्याभरात हे थांबलं नाही, तर घरी बस!"

म्हादूनं भांड्यांवर नावं कोरणारा कारागीर बोलावला. प्रत्येक बाकाला, नळाला पत्र्याची पट्टी लावली आणि प्रत्येक पट्टीवर गावातल्या एकेका घरच्या दिवंगत वडीलधाऱ्याचं नाव कोरून घेतलं.

महिना झाला. एक खिळाही हलला नाही.

"नावं वाचून चोर पळतात होय रे?" आबासाहेब सगळ्या मास्तरांसमोर हसले. "मी वॉचमनच ठेवतो." बोलता बोलता त्यांनी नाडी बांधायला बुटाचा पाय बाकावर ठेवला.

"आबासाहेब, पायाशी काय लिहिलंय ते वाचा," म्हादू म्हणाला.

'कै. ज्योतिराम इंगवले.' वडिलांचं नाव! आबासाहेबांनी चटका बसल्यासारखा पाय काढला, रुमालानं बाक पुसलं आणि हात जोडले.

म्हादूनं विचारलं, "आता सांगा, तुमचा पाय कोणत्या वॉचमननं काढायला लावला?"

म्हादू ताठ मानेनं शाळेची घंटा द्यायला निघून गेला.