शेवंतीच्या दारावरची आज्ञा

एका राज्यात कालदंत नावाचा मांत्रिक होता. त्याची बायको शेवंती. एके दिवशी भाजीत मीठ कमी पडलं, म्हणून त्यानं मंतरलेली काठी फिरवली आणि तिच्या डाव्या हाताचा पंजा दगडाचा झाला.

शेवंती राजाकडे गेली. राजानं तांब्याच्या पत्र्यावर आज्ञा कोरवली आणि तिच्या चौकटीवर ठोकवली. 'कालदंतानं या दाराच्या शंभर पावलांत येऊ नये. निरोप धाडू नये. रूप पालटून येऊ नये. मोडेल तर तो राज्याचा गुन्हेगार.'

आज्ञा मोडल्याचं सिद्ध झालं तरच मांत्रिकाची काठी मोडता येई, आणि काठी मोडली तरच पंजा मोकळा होणार होता. साक्षीला छपरावर एक साळुंकी बसवली. तिनं मांत्रिकाचं खरं रूप डोळ्यांनी पाहिलं, तरच साक्ष धरली जाई.

आठवडा गेला. दारात कासार आला.

"बाई, बांगड्या घ्या. तुमच्या मापाच्याच आणल्यात."

शेवंती खिडकीआडून म्हणाली, "हात न दाबता माप कसं कळलं?"

"अनुभव आहे, बाई."

"अनुभवी कासार तर आधी हात दाबून बघतो."

कासारानं बांगड्या आवरल्या. पेटी उचलून चालू लागला. त्याच्या पावलांचा आवाज शेवंतीच्या ओळखीचा होता.

मग नणंद आली, गोमती. "वहिनी, दादा पार खंगला गं. एक शब्द तरी बोल."

"त्यानं धाडलं तुम्हांला?"

"छे! मी आपली सहज आले." पण बोलताना गोमतीची नजर सारखी कोपऱ्यावरच्या चिंचेकडे जात होती. शेवंतीनं खिडकी लावून घेतली.

तिसऱ्या खेपेला भाऊ आला. सोमा. तोच फेटा, तेच खाकरणं.

"चिमे, दार उघड. आईनं लाडू दिलेत."

"आईच्या परसात काय आहे?"

"वाकडा शेवगा. तू त्यावरून पडली होतीस."

शेवंतीनं कडी काढली. भावाला ठाऊक असलेलं सगळं जावयालाही ठाऊक असतं, हे तिला त्या घडीला सुचलं नाही. उंबरा ओलांडताच फेटा विरला आणि कालदंत हसला.

"तूच कडी काढलीस. आज्ञा संपली."

साळुंकीनं छपराच्या कडेवरून वाकून ते पाहिलं आणि ती थेट राजवाड्याकडे उडाली. शिपाई आले. दोघांना दरबारात उभं केलं.

कालदंत म्हणाला, "महाराज, हिनं स्वतः दार उघडलं."

एक मानकरी शेजाऱ्याच्या कानाशी लागला, "नवरा-बायकोत चालायचंच." राजाच्याही मनात पाल चुकचुकली.

"शेवंती, कडी तू काढलीस?"

"काढली, महाराज. भाऊ समजून."

राजा कालदंताकडे वळला. "आज्ञेवर नाव कोणाचं?"

"माझं."

"तिनं कडी काढू नये, असं कुठं कोरलंय?"

"नाही कोरलं. पण महाराज..."

"आज्ञा दिली कोणी?"

कालदंताची मान खाली गेली. "आपण."

"तर मग ती संपवायचा अधिकार तिलाही नाही, तुलाही नाही. दार सताड उघडं असतं, तरी तू शंभर पावलांवरच थांबायला हवं होतंस. तू तिचा अपराधी आहेसच. आज राज्याचाही झालास."

काठी मोडली. पंजा ऊन झाला, बोटं हलली. कालदंताला सात वर्षं गडावर कोंडायचं ठरलं. विझलेल्या चेहऱ्यानं तो शिपायांमागून गेला.

राजा समाधानानं म्हणाला, "शाप गेला. आता तो पत्रा काढवतो."

शेवंती मोकळी झालेली बोटं उघडत मिटत होती. ती हळूच म्हणाली, "काठी मोडली, महाराज. पाय शाबूत आहेत त्याचे."

राजानं तिच्या बोटांकडे पाहिलं. मग त्यानं कोरक्याला बोलावलं आणि पत्र्यावर एक ओळ वाढवायला सांगितली : 'शेवंती सांगेल तोवर.'

ती ओळ कोरली गेली, आणि राज्यातल्या बाया त्या दारावरून जाताना थांबून ती वाचू लागल्या.