मातीखालची गाठ

झाडं एकमेकांशी बोलायची, त्या काळची गोष्ट. एका बागेतल्या हापूस आंब्यांनी ठरवलं, पाटाचं पाणी फक्त अस्सल हापूसला द्यायचं. कडेला एक कोवळं कलम होतं. खाली रायवळ, म्हणजे गावठी आंब्याचं मूळ, वर हापूसची फांदी आणि मध्ये जोडाची ठसठशीत गाठ.

“तू नक्की कोण?” थोरल्या हापूसनं दरडावलं.

“दोन्ही.”

“असं चालत नाही. एक काय ते सांग, नाहीतर वाळून जा.”

हे ऐकून एक खार खाली उतरली. तिला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची खोड होती. गाठ हुंगून तिनं विचारलं, “रायवळ कुठे संपतं रे तुझ्यात?”

“मलाही सापडलेलं नाही. पाणी मात्र गाठीशी न थांबता वर जातं.”

खार थोरल्याकडे धावली. “आजोबा, तुमची गाठ बघू?”

“मला कसली गाठ!”

पण खारीनं त्याच्या बुंध्याशी वर्षानुवर्षं चढलेली मातीची भर उकरायला घेतली. वीतभर खाली ती थांबली.

“आजोबा, ही बघा.”

खार पंजे झटकून शेजारच्या हापूसकडे वळली.

“राहू दे गं,” तो घाईघाईनं म्हणाला, “जाऊ दे पाणी त्या कलमाकडे.”