सात नंबरची तबकडी

घाटाखालच्या एका गावात सगुणाबाई नाईकवडी नावाची गिरणीवाली होती. दळण बारीक आणि बोलणं जाडंभरडं, अशी तिची ख्याती. नवरा गेल्यावर गिरणी तिनं एकटीनं चालवली. बाईमाणसाला पट्टा चढवता येतो का, म्हणून बघायला आलेले लोक पुढं डबे घेऊन तिच्याच दारात रांगेत उभे राहू लागले.

या बाईला एक नाद होता. तो शहरातल्या हौशी लोकांचा नाद. तिला कसा लागला, ते ऐका.

एकदा भर दुपारी तिच्या गिरणीसमोर एक टेम्पो बंद पडला. त्यातून ढोल आणि गिटारी घेतलेली चार भुकेली पोरं खाली उतरली. तीन मुलगे आणि एक मुलगी. त्यांच्या बँडचं नाव होतं 'बिनपाटी'. पाटी नसलेल्या एसटीसारखंच त्यांचं होतं. गाडी कुठं पोचणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुठल्या मोठ्या कंपनीचा हात डोक्यावर नव्हता. पदरमोड करून त्यांनी आपल्या गाण्यांच्या काळ्या तबकड्या काढल्या होत्या. मोजून शंभर. प्रत्येकीच्या पाकिटावर हातानं ठसा मारलेला, हातानं नंबर घातलेला. शंभर संपल्या की संपल्या.

सगुणाबाईनं त्यांना पिठलं-भाकरी खाऊ घातली. निघताना गाणाऱ्या मुलीनं, उल्का रणपिसेनं, सात नंबरची तबकडी तिच्या हातात ठेवली.

"मावशी, ऐका हं."

"ऐकीन की. न्हाईतर काय भाकरी थापू हिच्यावर?"

तबकडी आली, पण वाजवायला यंत्र कुठं होतं? सगुणाबाईनं भंगारवाल्याकडून एक जुना प्लेअर आणला. गिरणीचा पट्टा चढवणारीला त्याचा दोऱ्याएवढा पट्टा काय जड! दोन दिवसांत तबकडी फिरू लागली. आणि मग बाई थांबेचना. अशाच लहानसहान, आपल्या हिमतीवर गाणाऱ्या बँडांचे पत्ते तिनं शोधले. कुणी चाळीस तबकड्या काढलेल्या, कुणी दीडशे. तिनं पोस्टानं मागवल्या. बारा वर्षांत साठेक जमल्या. मागच्या खोलीत, पाण्याच्या रांजणाजवळ, गारव्याला त्या उभ्या ठेवलेल्या असत.

दुपारी दोन ते चार गिरणी बंद. सगुणाबाई कोपरापर्यंत हात धुई, पिठाचं लुगडं बदली आणि एक तबकडी लावी. ज्यांचं दळण राहिलेलं असे, ते पोत्यांवर बसून ऐकत. बिनपाटीची सात नंबरची तर आठवड्यातून दोनदा लागे. पुढं एका वर्षी मात्र सगुणाबाईच्या कोपराचा धक्का लागला आणि तिसऱ्या गाण्यावर चरा पडला. तिथं एक ओळ सोडून सुई पुढं उडे. पण गिऱ्हाइकांना ती ओळ तोंडपाठ होती. सुई उडाली की हौसाक्का ही म्हातारी सुरुवात करी, आणि मग सगळी गिरणी ती ओळ म्हणून टाकी. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

आता दुसऱ्या माणसाकडे येऊ. त्याच गावात नरहरशेठ वेदपाठक नावाचे सराफ होते. त्यांनाही तबकड्यांचाच नाद होता. त्यांनी तर 'दुर्मिळ तबकडी मंडळ' काढलं होतं. ते तबकडीला तबकडी म्हणत नसत, 'नग' म्हणत. नगावरचं प्लास्टिक फोडायचं नाही, हा मंडळाचा पहिला नियम. दुसरा नियम नव्हताच. बिनपाटीचे अकरा नग एकट्या नरहरशेठांकडे होते. दुकानाच्या माडीवर, पत्र्याखालच्या लोखंडी कपाटात एकावर एक रचलेले. मंडळातल्या एकाही माणसानं त्यातलं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं. हसू नका. आपल्याही घरी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशा असतात, आणि पाहुणे आले की आपण स्टीलचे पेले काढतो.

खंडेनवमीला आपण हत्यारांची, अवजारांची पूजा करतो. मंडळही त्या दिवशी देवळाच्या सभामंडपात तबकड्या मांडी. हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि मधोमध एक चकचकीत प्लेअर. त्याला सुईसुद्धा बसवलेली नव्हती. एका वर्षी सगुणाबाई आपली सात नंबरची घेऊन तिथं गेली. नरहरशेठांनी पाकीट हातात घेतलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"सगुणाबाई, तुम्ही ही फोडलीत?"

"मग? पुडा न फोडता च्या करता व्हय तुमी?"

"अहो, फोडलेला नग म्हणजे रद्दी. मंडळात चालत नाही."

"ऱ्हाऊ द्या. तुमचा तो प्लेअर तरी लावा जरा."

"त्याची आज पूजा आहे."

"शेठ, पूजा माझ्या गिरणीचीबी हाय. पर परवा सकाळी ती घरघरायला लागंल. तुमचं हे कवा वाजणार?"

सभामंडप खदखदून हसला. नरहरशेठ कानापर्यंत लाल झाले. पुढच्या वर्षी मंडपाच्या दारावर पाटी लागली: 'फोडलेल्या तबकड्या आत आणू नयेत.' सगुणाबाईनं पाटी वाचली, घरी आली, गिरणीची दोन्ही दारं सताड उघडली आणि आवाज मोठा केला. गिरणी देवळापासून हाकेच्या अंतरावर होती. बाई हट्टी खरी, पण मला विचाराल तर असला हट्ट गावात एकाच्या तरी अंगी असावा.

मग एका उन्हाळ्यात उल्का रणपिसे गावात आली. टेम्पो नव्हता, बँडही नव्हता. मधल्या काळात नदीला पूर आला होता, आणि बिनपाटीचं मूळ रेकॉर्डिंग ज्या स्टुडिओत होतं तो पाण्याखाली गेला होता. स्वतःजवळच्या तबकड्या तर चौघांनी पोटापायी केव्हाच विकल्या होत्या, आणि बाकीच्या कुठं गेल्या त्याचा पत्ता लागत नव्हता. पुढं उल्काच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. आता ती बोले ती कुजबुजल्यासारखं. गाणं संपलं होतं. तिला आपली तबकडी पुन्हा काढायची होती, आणि त्यासाठी एक तरी जुनी तबकडी हवी होती. सात नंबर गिरणीवाल्या मावशीला दिल्याचं तिला आठवत होतं. पण पिठाच्या धुरळ्यात ती काय टिकली असणार, असं वाटून ती आधी सराफांच्या दुकानात गेली; त्यांच्याकडे अकरा असल्याचं तिच्या कानावर आलं होतं.

"शेठ, अकरापैकी एकच काही दिवस द्या. त्यावरून गाणी उतरवून घेते आणि परत करते."

"म्हणजे फोडावी लागणार."

"हो. पण आवाज माझाच आहे तो. आता दुसरीकडे कुठंच उरलेला नाही."

नरहरशेठ काही वाईट मनाचे नव्हते. त्यांनी तिला पाणी दिलं, पंखा लावला. मग म्हणाले, "आवाज तुमचा, बाई. नग माझा."

उल्का उन्हात बाहेर पडली. दोन वाजले होते. गिरणीची घरघर थांबली, आणि उघड्या दारातून कुणीतरी गाताना ऐकू आलं. ते पंचवीस वर्षांच्या उल्काचं गाणं होतं. ती धावत गिरणीत शिरली.

सगुणाबाईनं तिला ओळखलं. ती सराफकट्ट्याकडून येताना दारातून दिसली होती. "आधी सराफाकडं गेलीस व्हय गं? बस त्या पोत्यावर. बोलू नगंस. ऐक."

उल्का बसली. आपलाच आवाज ऐकताना तिचे ओठ हलत होते, पण त्यातून काही निघत नव्हतं. तिसरं गाणं आलं. चऱ्यापाशी सुई उडाली. हौसाक्कानं मान वर केली, आणि डबेवाल्या बाया, दोन हमाल, एक पोस्टमन, सगळ्यांनी मिळून राहिलेली ओळ म्हटली:

"पाटी नसू दे, गाडी निघाली, चढायचं त्यानं चढावं!"

उल्का हसली. हसता हसता ढसाढसा रडली.

सगुणाबाई म्हणाली, "तो चरा म्या पाडला. माझ्या कोपराचं पाप. तबकडी तुला हवी तवा घिऊन जा. तुझीच हाय."

"पण मावशी, नवी काढायची तर ती ओळ नीट हवी ना. ती कुठून आणू?"

सगुणाबाईनं पदर खोचला. "चल माझ्यासंगं."

ती निघाली तशी अख्खी गिरणी निघाली, डबे काखेत मारून. सराफकट्ट्यावर गर्दी झाली. नरहरशेठ गादीवरून उठले.

"सगुणाबाई, मी यांना एकदा सांगितलंय. नग फुटणार नाही."

"नका फोडू. एक सांगा फकस्त. कुनी सोनं घिऊन आलं तर तुमी कसाला लावल्याबिगर घेता?"

"छे! कधीच नाही."

"मग ह्या अकरांना कवा कस लावला? आत गानं हाय, हे कशावरनं म्हनता?"

दुकानात गिऱ्हाइकं होती. सराफाच्या पारखीवर कुणी बोट ठेवलं की ते त्याला झोंबतं. नरहरशेठ तरातरा माडीवर गेले, अकराही नग घेऊन आले, आणि वरच्याचं प्लास्टिक त्यांनी स्वतःच्या हातानं टराटरा फाडलं.

तबकडी त्यांनी काचेच्या टेबलावर ठेवली. ती डुगडुगली. कडा वर, पोट खाली. उन्हात वाळलेल्या पापडाला येतो तसा तिला बाक आला होता. प्लास्टिक पत्र्याखालच्या उन्हानं दरवर्षी थोडं थोडं आवळत गेलं होतं, आणि आवळता आवळता त्यानं आतल्या तबकडीलाच वाकवलं होतं. शेठांनी दुसरी फाडली. तिसरी. अकरावीपर्यंत ते थांबले नाहीत. अकराही वाकलेल्या. त्यांच्यावर सुई टिकणंच शक्य नव्हतं. बारा वर्षं त्यांना जिवापाड जपलं होतं हो त्या माणसानं.

कुणी हसलं नाही. उल्का खाली बघत म्हणाली, "मग ती ओळ गेलीच म्हणायची."

"जाती कुठं?" हौसाक्का डबा खाली ठेवत म्हणाली. "आमच्यापाशी हाय की."

आणि म्हातारीनं भर सराफकट्ट्यावर ती ओळ सुरू केली. बाकीच्यांनी उचलली. नरहरशेठांनी आपल्या अकरा नगांमधलं गाणं आयुष्यात पहिल्यांदा कान देऊन ऐकलं, तेही गिरणीतल्या लोकांच्या तोंडून.

गर्दी पांगल्यावर शेठ सगुणाबाईजवळ आले. आवाज पडला होता. "सगुणाबाई, आता चांगली अशी ती एकच राहिली. माझं ऐका. यापुढे तिला वाजवू नका. मी काचेची पेटी करून देतो, कुलूपकिल्लीसकट. मंडळात पहिला मान तुमचा."

पाटी लावून जिला बाहेर ठेवलं, तिलाच आता मान मिळत होता. दुसरी कुणी असती तर विरघळली असती. सगुणाबाई म्हणाली, "पेटी करा. तीत तुमच्या अकरा ठेवा. सात नंबरची उद्या दोनला लागनार हाय."

आठ दिवसांनी उल्का एका रेकॉर्डिंगवाल्याला घेऊन आली. गिरणीवर फळा लागला, 'आज दळण नाही.' तरी सगळे आले. सात नंबरवरून एकेक गाणं उतरवून घेतलं. तिसऱ्या गाण्यात चरा आला तिथं उल्कानं हात वर केला, आणि गिरणीनं ओळ म्हटली. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, एक शहरातली गायिका आहे, तिच्याकडून ही ओळ नीट म्हणवून घेऊ. उल्का म्हणाली, "जमणार नाही. माझा आवाज गेला तेव्हा माझं गाणं यांनी चालू ठेवलं. ही ओळ यांचीच राहील."

नव्या दोनशे तबकड्या निघाल्या. त्या विकायच्या कुठं, तर गिरणीत, असं उल्कानं ठरवलं. सगुणाबाईनं अट घातली: ज्याला हवी त्यानं इथंच फोडायची आणि निदान एक गाणं इथंच ऐकायचं. नाहीतर पीठ घेऊन घरी जा.

शहरातून आलेले काही हौशी लोक कुरकुरले, दोघे तर रागावून परत गेले. सगुणाबाईनं त्यांना थांबवलं नाही.

शेवटच्या दिवशी नरहरशेठ आले. हातात गव्हाचा डबा होता. गेली कित्येक वर्षं त्यांचा गडी दळण आणत असे. तबकडी घेऊन ते कितीतरी वेळ उभे राहिले. प्लास्टिकवरून बोट फिरवत राहिले. सगळी गिरणी त्यांच्याकडे बघत होती. मग त्यांनी कडेला नख लावलं आणि एका दमात प्लास्टिक सोलून काढलं.

"तिसरं लावा," ते म्हणाले, आणि रेशमी सदरा झटकून पिठाच्या पोत्यावर बसले.

नव्या तबकडीला चरा नव्हता. सुई उडाली नाही. गिरणीची ओळ आता तबकडीतच होती, तरी ती आली तसे सगळे पुन्हा म्हणाले. त्यात एक आवाज नवा होता, जरा बेसूर. हौसाक्कानं त्यांच्याकडे वळून बघितलं आणि म्हणाली, "जरा मोठ्यांदा म्हना, शेठ."

तात्पर्य: गाणं ऐकण्यासाठी असतं, ते ऐकून झिजवणाराच त्याला जिवंत ठेवतो. मग मंडळानं दारावर कोणतीही पाटी लावो.