भाषणानंतरचं बूच

समुद्राकाठच्या एका गावात एक भोळा पोरगा होता. नाव जोमा. वय सोळा. छाती रुंद, पोहणं माशासारखं, आणि डोकं... डोकं होतं. त्यावर केसही होते.

जोमाला जे सांगाल ते तो करायचा. तेवढंच करायचा आणि तसंच करायचा. गावात असा दुसरा कुणी नव्हता, म्हणून लोक त्याला खुळा म्हणायचे.

त्या गावच्या किनाऱ्यावर दर सुट्टीत कुणी ना कुणी बुडायचं. मग मोठी माणसं सभा घ्यायची. दोन मिनिटं उभी राहायची, चहा प्यायची, घरी जायची. शेवटी पोरापोरींनीच सागर बचाव पथक काढलं. दर्पणा नावाची अकरावीतली मुलगी पुढे झाली. नारिंगी जाकिटं आली, फेकायच्या लाल रिंगा आल्या, रोज सकाळी सराव सुरू झाला. सगळं उभं राहिल्यावर मोठी माणसं परत आली आणि अध्यक्ष झाली. म्हणजे अध्यक्ष एकच झाला, बाबल नाखवा. उरलेले सगळे उपाध्यक्ष झाले.

पथकाला एकच गोष्ट हवी होती. बोट. होती ती होडी एवढी गळायची की दोघं वल्हवायचे आणि तिघं पाणी उपसायचे. बुडणाऱ्याला बसायला जागाच नसायची.

"बोटीचं मी बघतो," नाखवा म्हणाला. आणि तो किनाऱ्यावर खुर्ची टाकून बघत बसला.

पहिल्याच दिवशी त्याने जोमाला शिकवलं, "बुडणारा माणूस हातपाय झाडतो, सोड सोड म्हणतो. त्याचं ऐकायचं नाही. मागून धरायचं, ओढून काढायचं. समजलं?"

"समजलं."

दुसऱ्या दिवशी आठल्ये गुरुजी पोहत होते. बिचारे रोजच पोहायचे. जोमाने पाहिलं, माणूस हातपाय झाडतोय. मारली उडी. धरलं मागून.

"अरे सोड! मी पोहतोय!"

"सगळे असंच म्हणतात."

"गाढवा, मी तुला चौथीत शिकवलंय!"

"तरी सोडणार नाही, गुरुजी."

जोमाने गुरुजींना काठावर आणलं, पालथं घातलं आणि पाठीवर एवढं थोपटलं की सकाळचा उपमा बाहेर आला.

नाखवा खुर्चीतूनच ओरडला, "खुळ्या! आधी विचारायचं ना, बुडताय का म्हणून? हो म्हटलं तरच हात लावायचा. समजलं?"

"समजलं."

रविवारी एक पाहुणा खरोखर बुडायला लागला. जोमा सपासप पोहत त्याच्यापाशी गेला आणि नम्रपणे म्हणाला, "काका, बुडताय का?"

"ब्लुब," पाहुणा म्हणाला.

"हो की नाही?"

"ब्लुब ब्लुब!"

"काका, नीट सांगा. आम्हाला तसं हात लावता येत नाही."

पाहुणा खाली गेला. जोमा वाट बघत थांबला. पाहुणा वर आला. जोमाने परत विचारलं. एवढ्यात दर्पणाने मागून येऊन पाहुण्याची मान धरली आणि जाता जाता जोमाला एक लाथ घातली. पाहुणा वाचला. काठावर येऊन त्याने पहिलं उत्तर दिलं, "हो."

नाखवा परत ओरडला, "मेल्या, माणूस मरतोय आणि तू मुलाखत कसली घेतोस? पाण्यात माणूस दिसला की रिंग फेकायची! विचारायचं नाही, थांबायचं नाही. गळ्यात रिंग, आणि ओढ दोरी! समजलं?"

"समजलं."

मग नारळी पौर्णिमा आली. समुद्राला नारळ वाहायचा मान नाखव्याचा. वास्तविक तो समुद्रात शेवटचा कधी गेला होता ते त्यालाही आठवत नव्हतं. पण मान होता. नवं धोतर, जरीची टोपी, हातात सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ, आणि फोटोवाला तयार. नाखवा कंबरभर पाण्यात गेला. डोळे मिटले. हात वर केले.

जोमाने पाहिलं, पाण्यात माणूस.

रिंग बरोबर गळ्यात पडली, खांद्यावरून घसरली आणि दोन्ही दंडांवर घट्ट अडकली. जोमाने दोरी ओढली. गावाने पाहिलं, आपला मानकरी पोटावर पडून घसरत घसरत वाळूवर येतोय. टोपी समुद्राला वाहिली गेली. नारळ हातातच राहिला.

"वा जोमा!" एक म्हातारी म्हणाली. "नेम चांगला हो तुझा."

नाखव्याच्या तोंडातून आधी वाळू निघाली, मग शब्द निघाले. "नालायका! मोठ्या माणसांचं कार्य चालू असताना मध्ये कडमडायचं नाही! कशाला हात लावायचा नाही! कार्य संपलं, भाषण संपलं, टाळ्या झाल्या, की मग काय करायचं ते कर! समजलं?"

"समजलं," जोमा म्हणाला. ह्या वेळी त्याने ते तीनदा घोकलं.

आणि खरंच बोट मिळायची वेळ आली. दाजीसाहेब म्हणून एक धनिक होते. त्यांनी बोट द्यायची कबूल केली. अट एकच, कार्यक्रम झाला पाहिजे. कार्यक्रमात काही कमी पडलं तर बोट शेजारच्या गावाला.

दर्पणाने सगळ्यांना बजावलं, "काही झालं तरी आज बोट घालवायची नाही. पुढच्या रविवारी माणसं बुडणारच आहेत. जोमा, ऐकतोस ना?"

"ऐकतोय."

नवी कोरी पांढरी बोट टेम्पोतून उतरली आणि पाण्याच्या कडेला ठेवली गेली. पावसाचं पाणी साठू नये म्हणून तिच्या तळाचं बूच काढून ठेवलेलं होतं. मिस्त्रीने ते जोमाच्या हातात दिलं. "बोट तरंगायच्या आधी हे बसव. दगडाने ठोक, घट्ट."

जोमा वाकला. इतक्यात नाखवा ओरडला, "पाहुणे आले! सरळ उभे राहा!"

पाहुणे दहाला येणार होते, ते एकला आले. भरती मात्र वेळेवर आली होती.

दाजीसाहेब म्हणाले, भाषण बोटीतूनच करू, फोटो चांगला येईल. बोटीत दोन खुर्च्या चढल्या. एकीत दाजीसाहेब बसले, दुसरीत नाखवा. बॅटरीवरचा माईक सुरू झाला.

"आजच्या तरुण पिढीला शिस्त नाही," दाजीसाहेबांनी सुरुवात केली. असली भाषणं दुसऱ्या कशाने सुरू होतच नाहीत.

एक लाट आली. बोट हलकेच उचलली गेली. दुसरी आली. बोट निघाली.

दर्पणा धावत आली. "जोम्या! बूच बसवलंस?"

जोमाने तोंडावर बोट ठेवलं. "शू. भाषण चाललंय."

"आण इकडे ते!"

"टाळ्या झाल्या की." त्याने मूठ आवळली. चौघांनी ओढूनही ती उघडेना.

पोरं काठावरून बोंबलायला लागली, "काका, पाणी! बोटीत पाणी!"

"मुलांनो, शांतता!" नाखवा माईकवर गरजला. "मोठे बोलत असताना मध्ये बोलू नये!"

पाणी दाजीसाहेबांच्या घोट्याला लागलं. त्यांनी खाली पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "या गावाने माझे पाय धुतले," ते म्हणाले. "मी भारावून गेलो."

पाणी पोटरीला लागलं. ते त्यांच्या बालपणावर आले. पाणी गुडघ्याला लागलं. ते परदेश दौऱ्यावर गेले. खुर्च्या तरंगायला लागल्या तेव्हा कुठे नाखव्याला शंका आली.

"वाचवा!" तो माईकवर किंचाळला. "जोमा, वाचव!"

जोमा हात बांधून ऐकत होता. भाषण आता रंगात आलंय असं त्याला वाटलं.

मग माईक बुडाला. शांतता झाली. जोमाने लगेच कडाडून टाळ्या वाजवल्या. उपाध्यक्षांनीही वाजवल्या, सवयीने. आणि जोमाने समुद्रात सूर मारला.

"वाचवा! बुडालो!" दोघे मोठे हातपाय झाडत होते.

"उभे राहा!" दर्पणा ओरडली.

"काय?"

"अहो, उभे राहा नुसते!"

दोघे उभे राहिले. पाणी कंबरेपर्यंत होतं.

दाजीसाहेब धोतर पिळत काठावर आले. "बोट रद्द! चढवा परत टेम्पोत! शेजारच्या गावाला देतो!"

दर्पणाचं तोंड उतरलं. दाजीसाहेबांच्या माणसांनी दोर बांधला आणि ओढला. बोट काठोकाठ भरलेली, जागची हलेना. परत ओढला. दोर तुटला.

"असं नाही व्हायचं," मिस्त्री म्हणाला. "ओहोटी लागू द्या. तळाच्या भोकातून पाणी गळून जाईल, मग उचलेल."

"पण जोमा कुठाय?" दर्पणाने विचारलं. "तो अजून वर आला नाही!"

सगळे घाबरून पाण्याकडे बघायला लागले. तेवढ्यात बोटीच्या बुडाखालून बुडबुडे आले, आणि पाठोपाठ जोमाचं डोकं. एका हातात दगड. तोंडावर कर्तव्य पार पाडल्याचं समाधान.

"अध्यक्ष," तो म्हणाला, "भाषण संपल्यावरच हात लावला. बूच ठोकून पार आत घातलंय. आता कुणाच्या बापाला निघणार नाही. बोटीत आता एक थेंब पाणी शिरलं तर नाव बदला माझं."