न हरवलेली मेख

नदीकाठची जनावरं आणि वस्तू एकमेकांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. एका घुशीला वाळूत लोहचुंबक सापडला आणि तिला जमिनीतलं लोखंड शोधायचा नाद लागला. म्हाताऱ्या कासवाने पहिल्याच दिवशी तिला बजावलं, "उकरण्याआधी विचारावं, उकरल्यावर खड्डा बुजवावा." घुशीने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

घाटापाशी गाळात एक लोखंडी मेख रोवलेली होती. पलीकडे नेणारी होडी तिलाच बांधलेली असे. पुरातही मेख जागची हलली नव्हती. चुंबक तिथे ओढ घेऊ लागला, तशी घूस उकरायला बसली. मेख "थांब, थांब" म्हणत राहिली. पण घुशीने होडीचा दोर मूळ समजून कुरतडला, तिला उपटलं आणि खडकावर गंजक्या खिळ्यांच्या रांगेत नेऊन मांडलं.

"किती वर्षं हरवली होतीस गं," घूस कौतुकाने म्हणाली. "मी नसते तर तुला कुणी विचारलं असतं?"

मेखेच्या अंगाचा तिळपापड झाला. "हरवलेली? मी कामावर होते. मातीत आहे ते सगळं बेवारशी, हे तुला कुणी शिकवलं?"

घूस नुसती हसली. दिवस कलला, तशी ती पलीकडे पिल्लांकडे जायला घाटावर उतरली. होडी नव्हती. धापा टाकत ती मेखेकडे परत आली.

"अगं, होडी कुठे गेली?"

"शोध की," मेख म्हणाली. "ती मात्र खरंच हरवलीय. आणि ती लाकडाची आहे."