गुंजीचा दाणा सुटेना

एक होती मुंगी. गुंजेसारखी लालचुटुक. म्हणून तिचं नाव गुंजी.

गुंजी बालवाडीत आली. कशाला? तिथे खाऊ सांडतो ना, म्हणून! आज खाऊ होता राजगिऱ्याचा लाडू. गुंजीला मिळाला एक दाणा. पांढरा, फुललेला, गोड. तिने तो एकटीने उचलला. तिचा पहिलावहिला दाणा! निघाली घरी. तुरुतुरु, तुरुतुरु.

इतक्यात वरून आला एक पाय. केवढा मोठा! गुंजी घाबरली.

कुट्ट!

मग कोणी उडालं. कोणी ओरडलं. काहीतरी सांडलं. दाणा सुटला आणि घरंगळला. आणि धप्प! दाण्यावर आला ठोकळ्यांचा रिकामा डबा. पालथा. डब्यावर बसला मल्हार.

तेवढ्यात सरूमावशी केर काढायला आल्या. खर्र खर्र, खर्र खर्र. आता मावशी डबा उचलतील. केरसुणी फिरवतील. आणि दाणा जाईल केरात!

गुंजी म्हणाली, "मल्हार रे मल्हार, ऊठ ना!"

मल्हार म्हणाला, "नाही उठत जा! रेवाने माझी जागा घेतली. माझी तिच्याशी कट्टी. ती आधी सरकेल, मग मी उठेन."

गुंजी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. केरसुणी दारापाशी. खर्र खर्र.

"रेवा गं रेवा,
मल्हार उठेना,
डबा हलेना,
दाणा माझा सुटेना,
केरसुणी काही थांबेना!
तू सरक ना!"

रेवा म्हणाली, "नाही सरकत जा! यास्मिनने माझ्या बसकरावर पाणी सांडलं. माझी तिच्याशी कट्टी. ती आधी पुसेल, मग मी सरकेन."

गुंजी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. केरसुणी खिडकीपाशी. खर्र खर्र.

"यास्मिन गं यास्मिन,
रेवा सरकेना,
मल्हार उठेना,
डबा हलेना,
दाणा माझा सुटेना,
केरसुणी काही थांबेना!
तू पूस ना!"

यास्मिन म्हणाली, "नाही पुसत जा! गोट्याने मला धक्का दिला. माझी त्याच्याशी कट्टी. तो आधी 'चुकलो' बोलेल, मग मी पुसेन."

गुंजी पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु. केरसुणी फळ्यापाशी. खर्र खर्र, खर्र खर्र!

गोट्या कोपऱ्यात बसला होता. पायाचा अंगठा हातात धरून.

"गोट्या रे गोट्या,
यास्मिन पुसेना,
रेवा सरकेना,
मल्हार उठेना,
डबा हलेना,
दाणा माझा सुटेना,
केरसुणी काही थांबेना!
तू 'चुकलो' बोल ना!"

गोट्या म्हणाला, "नाही बोलत जा! मी मुद्दाम नाही दिला धक्का. मला कोणीतरी चावलं, म्हणून मी उडालो. हे बघ, लाल झालंय. जे चावलं, त्याच्याशी माझी कट्टी. ते आधी बोलेल, मग मी बोलेन."

गुंजी निघाली. तुरुतुरु, तुरु...

थांबली.

आता जायचं कुणाकडे? पुढे तर कोणीच नव्हतं! गुंजीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. ती हळूच पुटपुटली,

"गोट्या बोलेना,
यास्मिन पुसेना,
रेवा सरकेना,
मल्हार उठेना,
डबा हलेना,
दाणा माझा सुटेना,
केरसुणी काही थांबेना!
आणि... आणि गुंजी बोलेना!"

खर्र खर्र, खर्र खर्र! केरसुणी डब्यापाशी आली.

गुंजी म्हणाली, "पण गोट्या, तुझा पाय केवढा मोठा!"

गोट्या म्हणाला, "मोठा आहे. पण दुखतो ना!"

गुंजीने अंगठा पाहिला. खरंच लाल होता. गुंजीसारखाच लाल.

एकच शब्द बोलायचा होता. शब्द छोटा, पण दाण्याहून जड. तोंडाशी यायचा, परत जायचा. गुंजीने सगळा जोर लावला.

"गोट्या, मी चावले. घाबरले होते मी. पण चावले मीच. चुकले."

गोट्याने डोळे पुसले. "तू? एवढीशी?" त्याला हसूच आलं. "मला तू दिसलीच नाहीस गं! बट्टी?"

"बट्टी!"

मग काय!

गोट्या बोलला, "यास्मिन, चुकलो."
यास्मिनने पुसलं.
रेवा सरकली.
मल्हार उठला.
डबा हलला.
दाणा सुटला!

आणि केरसुणी?

केरसुणी काही थांबेना! खर्र खर्र, खर्र खर्र! आली, आली, दाण्यापाशी आली!

"मावशीऽऽ, थांब!" गोट्या ओरडला. यास्मिन ओरडली. रेवा ओरडली. मल्हार तर डबा वाजवून ओरडला.

केरसुणी हवेतच थांबली.

"अगंबाई! मला वाटलं, साप निघाला," मावशी म्हणाल्या. "काय झालं रे?"

"हा गुंजीचा दाणा आहे!"

मावशी वाकल्या. चष्मा वर केला, खाली केला. मग दाणा दिसला. मग गुंजी दिसली.

"हिचा होय? मग ने गं बाई. मी थांबते."

गुंजीने दाणा उचलला. पांढरा, फुललेला, गोड. निघाली घरी. तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत होता एक पाय. केवढा मोठा! गुंजी थांबली.

गोट्याने पाय वर उचलला.

"जा," तो म्हणाला.

गुंजी खालून गेली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

दाणा गुंजीच्या घरात,
गोष्ट तुमच्या कानात!